मेसईद वेगळं कसं झालं

आम्ही दोह्याबाहेर मेसईदला राहायला आलो तेव्हा कंपन्यांच्या वसाहतीत मराठी घरं अकरा होती. नवरा खताच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर, मी घरी, मुलगी तिसरीत. दोह्यातली मराठी माणसं आम्हाला 'मेसईदकर' म्हणत. म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर अशी काळजी दिसायची, की आम्ही पाण्याविना राहतो असं त्यांना वाटत असावं.

दोह्यात मराठी मंडळ होतं. त्याच्या बैठका अल मन्सूरात अध्यक्षांच्या फ्लॅटवर होत. अध्यक्ष मूळचे पुण्याचे, फायनान्समध्ये मोठ्या हुद्द्यावर, वागायला अगदी सभ्य. एकच अडचण होती. माइक हातात आला की तो परत द्यायचा असतो, हे त्यांच्या लक्षात राहत नसे.

आमच्याकडचे निम्मे नवरे कायम शिफ्टवर आणि गाड्या त्यांच्याकडे. म्हणून आम्ही बायका-मुलं मंडळाच्या कार्यक्रमांना शुक्रवारी वसाहतीच्या बसने दोह्याला जायचो. कार्यक्रम पाचचा, बस पोचायची तीनला. पहिल्या वर्षी अध्यक्षांनी विचारलं, लवकर आलाच आहात तर जरा खुर्च्या मांडता का. दुसऱ्या वर्षी कुणी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी कार्यक्रमपत्रिकेत छापूनच आलं: 'चहा व आसनव्यवस्था: मेसईद'. आमच्या मुलांचा नाच नेहमी पहिला असायचा. तेव्हा हॉलमध्ये प्रेक्षक म्हणून फक्त आम्हीच असायचो, कारण बाकीचे उशिरा येत आणि खुर्च्या मांडायला आम्हीच आधी आलेलो. कमिटीत मात्र मेसईदचं कुणी नव्हतं. आम्हाला लांब पडेल, असं कमिटीने आमच्या वतीने ठरवून टाकलं होतं.

अशी चार वर्षं गेली. पाचव्या दिवाळीला पुष्कळ विनवण्या करून आम्ही मुलांच्या कोळीनृत्याला सातची वेळ मिळवली. पावणेसातला अध्यक्ष 'दोन शब्द' बोलायला उभे राहिले. आठ वाजून दहा मिनिटांनी ते लहानपणी अंगणात केलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी होते. बारा मुलं डोक्याला लाल रुमाल बांधून, टोपल्या घेऊन पडद्यामागे रांगेत उभी. परतीची बस साडेआठची. आम्ही मुलांना तसंच उचललं आणि निघालो. बसच्या केरळी ड्रायव्हरने हिंदीत विचारलं, लग्न कुणाचं होतं.

आमच्यात सगळ्यात मोठ्या लातूरच्या काकू. त्या दिवशी त्यांनी एकट्यांनी दीडशे कप चहा केला होता. कारखान्यांच्या चिमण्या दिसेपर्यंत त्या मुलांचे रुमाल सोडून घड्या घालत होत्या. मग म्हणाल्या, "लेकरांनी महिनाभर नाच बसवला. अन् आपण काय केलं? चहा. आता चहा बंद."

दुसऱ्या दिवशी सगळे आमच्या घरी जमले. वेगळं व्हायचं तेव्हा कुणाच्याच मनात नव्हतं. आम्ही अगदी अदबीने विनंती लिहिली: कमिटीत आमचं एक माणूस घ्या, कार्यक्रम दुपारी ठेवा, मुलांना नाचू द्या. आठ दिवसांनी अध्यक्षांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, 'भावनांची नोंद घेतली आहे.' पुढे दोन जोडलेले हात. सगळे पुन्हा आमच्या घरी जमले.

स्टील प्लांटमधले मालवणचे काका एरवी बोलत नाहीत. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, ते हात चष्मा काढून नीट बघितले आणि म्हणाले, "खलास. आता आमचा आमी बघतलव."

माझी मुलगी तेव्हा सातवीत. ती जेवणाच्या टेबलावर इतिहासाचा गृहपाठ करत बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. चहाचं काय भांडण आहे, असं तिने विचारलं. मी सांगितलं, तर ती डोकं पुस्तकावर ठेवून हसत सुटली. मग तिने धडा दाखवला. समुद्रापार जाऊन वसलेले लोक, लांबचा राजा, कायदे तिकडे ठरणार, ठरवताना यांचं कुणी नाही. आणि त्यातही चहा होताच.

"दे थ्रू इट इन द सी, आई," ती म्हणाली. "यू जस्ट स्टॉप मेकिंग इट."

काकूंनी मला अर्थ विचारला. मग विचारलं, त्या लोकांचं पुढे काय झालं. जिंकले, मी म्हटलं. किती दिवस लागले, असं त्यांनी विचारलं. मुलीने पानं उलटून सांगितलं, बरीच वर्षं. काकूंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"आपलं संक्रांतीपर्यंत व्हायला पाहिजे," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांना पत्र मुलीच्या सांगण्याप्रमाणे, धड्यातल्या लोकांच्या जाहीरनाम्यासारखं लिहिलं. आधी आपण का निघतोय ते, मग राजाचे अपराध ओळीने, मग सह्या. अपराध तेवीस निघाले. त्यात आमची पाळी येईपर्यंत बटाटेवडे संपल्याचाही एक होता. स्वातंत्र्याच्या पत्रात वडे शोभत नाहीत म्हणून नवऱ्याने तो खोडला. काकूंनी परत लिहायला लावला. नवऱ्याची आणि अध्यक्षांची कॅरमची जोडी होती, त्यामुळे त्याने सही इतकी बारीक केली की ती मुंगी आहे असं समजून कुणीतरी झटकायला गेलं.

उत्तर आलं नाही. दोह्याच्या हळदीकुंकवाला आम्ही गेलो नाही. तिथे खुर्च्या कुठे ठेवतात तेच कुणाला ठाऊक नव्हतं आणि चहा सातला मिळाला, हे आम्हाला नंतर कळलं. पुढच्या शुक्रवारी वसाहतीच्या हॉलमध्ये दुपारी चारला आमचा पहिला कार्यक्रम झाला. मुलं नाचत असताना दार उघडलं आणि अध्यक्ष आत आले, सोबत त्यांची बायको. ते मागे जाऊन बसले. नाच संपेपर्यंत आमच्यापैकी एकानेही स्टेजकडे बघितलं नाही.

काकूंनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि माइक पुढे केला. "बोलायचं असेल तर बोला. पाच मिनिटं."

ते उभे राहिले. मग म्हणाले, "मला आज इथे यायला पाऊण तास लागला. तुम्ही वर्षानुवर्षं मुलांना घेऊन येत होतात. मी एकदाही विचारलं नाही." आणि त्यांनी माइक परत दिला. त्यांच्या बायकोने घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

निघताना त्यांनी दोह्याच्या कार्यक्रमांना याल ना, असं विचारलं.

"येऊ की," काकू म्हणाल्या. "पाहुणे म्हणून."

मला हसू आलं.

ते गेल्यावर आमच्या लक्षात आलं की आपल्याला अध्यक्षच नाही. कुणी तयार होईना. मग एकमताने मालवणच्या काकांना निवडलं, कारण ते ड्युटीवर होते. शिफ्ट संपवून बाहेर आले तर फोनवर अभिनंदनाचे तीस-चाळीस निरोप. काकांना वाटलं, रजा मंजूर झाली. त्यांनी बायकोला फोन करून बॅगा काढायला सांगितल्या. खरं काय ते घरी आल्यावर कळलं. तेव्हा त्यांनी बॅगा स्वतःच्या हाताने पुन्हा कपाटावर ठेवल्या आणि विचारलं, होळीला काय करायचं ठरलंय.