हिरव्या पाटीपाशी

आमच्या ह्यांना गल्लीत ‘टुंईवाले’ म्हणतात. पेशाने प्लंबर. भिंतीआडचे पाइप सापडावेत म्हणून धातू हुडकायचं यंत्र घेतलं आणि मग त्याचंच खूळ लागलं. सुट्टी आली की मैदानं आणि नदीकाठ पालथे घालायचे. यंत्र टुंई करतं, हे गुडघ्यांवर बसून उकरतात आणि निघतं काय, तर बाटलीचं झाकण. मग खड्डा नीट बुजवून वरून तळहाताने थापटायचं, जसं काही तिथे कोणी फिरकलंच नव्हतं. मी म्हणते, “झाकणं पुष्कळ झाली, आता एखादी भरलेली बाटली तरी शोधा.” पण ह्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही.

परदेशी लेकीकडे निघालो तेव्हा कपड्यांच्या आधी यंत्र बॅगेत गेलं. लेकीने फोनवरच कपाळाला हात लावला. “बाबा, इंटरनेटवर वाचा जरा. इथे दंड आहे, जप्ती आहे, तुरुंगसुद्धा आहे. मला इथे कायम राहायची परवानगी मिळायची वेळ आलीये. पोलिसांच्या कागदावर आपल्या घरातलं नाव चढलं तर सगळ्यावर पाणी.”

“बरं,” हे म्हणाले. ह्यांचं ‘बरं’ मी चांगलं ओळखून आहे.

तिथे जाऊन बघतो तर तळ्याकाठी माणसं खुशाल यंत्रं फिरवतायत आणि गस्तीचा पोलीस त्यांच्याशी गप्पा छाटतोय. लेकीचा दाढीवाला शेजारी त्यातलाच. त्याचं म्हणणं, त्या धमक्या नुसत्या पाहुण्यांना घाबरवायला. त्याला इतक्या वर्षांत कोणी हटकलं नव्हतं. तरी हे लेकीला घेऊन तळ्याच्या रखवालदाराकडे गेले. तो म्हणाला, वाळूत हवं तेवढं फिरा. वर हिरवी पाटी आहे, तिच्यापलीकडे जुनी वस्ती गाडलेली आहे. तिथे उकराल तर आत जाल. हे ऐकून लेक जरा निवळली.

मग हे रोज दाढीवाल्याबरोबर जायला लागले. भाषा एकमेकांची कळत नाही, पण दोघांची खाणाखुणांवर गट्टी जमली. एका दुपारी पाटीखालची दरड ढासळून माती वाळूत उतरली होती. तिथे यंत्र असं वाजलं, की ह्यांनी जन्मात तसा आवाज ऐकला नव्हता. हे वाळू समजून उकरायला बसले आणि हाताला लागली हिरवट पडलेली तांब्याची कड. मग वर बघितलं तर डोक्यावर पाटी.

दाढीवाला खुणा करायला लागला, उचल, पिशवीत टाक, बघतंय कोण. खरंच कोणी बघत नव्हतं. आणि आयुष्यभर झाकणं गोळा केलेल्या माणसाच्या हाताखाली काय होतं, विचार करा. ह्यांनी माती परत लोटली, थापटली, शेजारी मांडी ठोकून बसले आणि फिरायला आलेल्या एका बाईला हातवारे करून रखवालदाराला बोलवायला पाठवलं. दाढीवाला फणफणत निघून गेला.

रखवालदाराने पोलिसांना कळवलं आणि पोलिसांनी लेकीला फोन केला. फोन ठेवून तिने पायात चपला सरकवल्या. “गेलं आई. सगळं गेलं.” तशाच आम्ही दोघी तळ्याकडे निघालो. वाटभर मी ह्यांच्या नावाने बोटं मोडत होते, खोटं कशाला सांगू.

तिथे पोलीस, जुन्या वास्तूंच्या खात्यातली एक बाई आणि मधोमध मातीत हे, जेवणाच्या पंगतीला बसल्यासारखे. बाईने मऊ ब्रशने माती सारली होती. खाली तांब्याच्या वाट्या, एकात एक बसवलेल्या. कोणा बाईने घाईघाईने पुरून ठेवलेला संसार असावा. खात्याच्या बाईने सांगितलं, गेल्या वर्षी पाटीपलीकडे खणणारे दोघं अजून तुरुंगात आहेत. म्हणजे इंटरनेटही खरं आणि दाढीवालाही खरा, फक्त पाटीच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण एवढाच फरक.

“तुमच्या वडिलांना विचारा,” बाई लेकीला म्हणाली, “त्यांनी हे उचललं का नाही?”

लेक ह्यांच्याकडे वळली. तिने विचारलं.

“अगं, पाइप उपटला की तो कुठून कुठे जात होता ते कळत नाही,” हे म्हणाले. “हेही तसंच. जागेवर आहे तोवर त्याला काही अर्थ. माझ्या पिशवीत ते नुसतं तांबं झालं असतं.”

लेकीने ते बाईला त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा आवाज असा चढला की लांबचा पोलीससुद्धा वळून बघायला लागला. मला तर रडूच फुटलं. हा माझा नवरा, मी मनात म्हटलं, बघून घ्या सगळ्यांनी.

पोलिसाने कागद पुढे घेतला. कोणी शोधलं, त्याचं नाव हवं होतं. लेकीने सांगितलं, त्याने चुकीचं लिहिलं. तिने पुन्हा सांगितलं, पुन्हा चुकलं. तेव्हा तिने त्याच्या हातातून पेन घेतलं आणि पोलिसांच्या त्या कागदावर बापाचं नाव, आडनावासकट, ठळक अक्षरांत स्वतःच्या हाताने लिहिलं.