सात फोटोंतली रिकामी चौकट

भूत-प्रेत, करणी, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही. आजही नाही. घराण्यात पहिला शिकलेला माणूस मी, एम.एस्सी. बी.एड., मेहकरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. म्हणून हे लिहायला वर्षभर थांबलो. थांबण्याचं कारण भीती नव्हती, लाज होती.

आधी घरचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचं गाव सुलतानपूर. बीटी कापूस यायच्या आधी कपाशीवर अळी एवढी पडायची की आठवड्याआड फवारणी. आम्हाला जमीन नव्हती. बाबा दुसऱ्यांच्या वावरात रोजानं फवारायला जायचे. पाठीवर पंप, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याची पट्टी. औषधाचा वास त्यांच्या अंगातून जातच नसे... बनियनला, केसांना, ताटातल्या भाकरीलासुद्धा. कधी कधी ओकाऱ्या काढतच घरी यायचे. मग बीटी आलं, दोन-चार वर्षं फवारणी घटली, गाव खूश झालं, आणि आमच्या घरची चूल थंडावली. आई वेचणीला, बाबा मिळेल त्या कामाला. पुढं बीटीला न जुमानणारे मावा-तुडतुडे वाढले, पंप परत पाठीवर चढला. त्या पंपावर मी अकोल्याला शिकलो.

एकदा बाबा होस्टेलवर आले, सरळ वावरातून. ते गेल्यावर रूममधला एकजण नाक दाबून म्हणाला, "कोन आलतं बे, ढेकनाचं औषध विकनारा?" सगळे हसले. मीही हसलो. माझे वडील आहेत असं मी सांगितलं नाही.

पुढच्या सुट्टीत बाबांना म्हणालो, "तिकडं येत नका जाऊ. अन् आपल्या कोन्त्या कार्यक्रमात फोटो काढून राह्यले असले तर मधात येऊ नका." ते "बरं" म्हणाले.

आता मुद्द्याचं. मला फोटोचा नाद आहे. सगळे फोटो एका नॅसवर ठेवतो. नॅस म्हणजे राऊटरला जोडलेला डबा, आत हार्डडिस्क, घरातल्या कुठल्याही मोबाइलवरून फोटो पाहता येतात. जुना डबा थकला होता, एका डिस्कचा रिपोर्ट लाल आला, म्हणून नवा घ्यायचं ठरलं. महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. दोन कप्प्यांचा की चार, रॅम पुरेल का, लाइट गेली तर यूपीएसकडून इशारा घेऊन नीट बंद होतो का... बायको सुनीता म्हणाली, "मले पाहाले आलते तवा पंधरा मिन्टात उठले होते तुम्ही."

शेवटी चार कप्प्यांचा घेतला. त्यात दोन नव्या डिस्क टाकल्या, एकीवर जे जाईल तेच दुसरीवर. लॅनची केबल लावून कॉपी सुरू केली, दीड दिवस चालली. मग जुन्या-नव्या फाइलींचे चेकसम जुळवले. चेकसम म्हणजे प्रत्येक फाइलचा अंगठ्याचा ठसाच समजा. एकेचाळीस हजार फोटो, एकाचाही ठसा चुकला नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं कोणीतरी म्हणेल की कॉपी करताना फाइल बिघडली असेल. नाही बिघडली.

नव्या डब्यात चेहरे ओळखायची सोय आहे. फोटोत चेहरा सापडला की तो त्याभोवती चौकट काढतो, एका माणसाचे सगळे फोटो आपोआप एका गटात टाकतो आणि विचारतो, हे कोण? तीन दिवस ते काम चाललं. मग सुनीताचा गट आला, मुलीचा आला, माझा आला, मित्रांचे आले... आणि मधेच एक गट. प्रत्येक गटावर त्या माणसाच्या चेहऱ्याचा गोल असतो, याच्या गोलात चेहराच नाही. नुसता भिंतीचा तुकडा. खाली "नाव टाका". फोटो सात.

एकेक उघडला. अकोल्याचा पदवीचा फोटो, मी स्कॅन करून ठेवलेला: मी काळा गाऊन घालून उभा, आणि चेहऱ्याची चौकट पार मागे, गेटजवळच्या लिंबाच्या बुंध्यावर. तिथं कोणी नाही. माझ्या वास्तुशांतीचा: चौकट कंपाऊंडच्या भिंतीवर, गाड्या लावल्या होत्या तिथं. मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा: हॉलच्या कोपऱ्यात, पाण्याच्या जारांपाशी. बाकीचे चारही तसेच, चौकट रिकामीच.

सॉफ्टवेअर झाडाच्या सालीतही चेहरे शोधतं, हे मला माहीत आहे. पण मग एकेचाळीस हजारांत सातच का? आणि साल, भिंत, प्लॅस्टिकचा जार हे सगळं एकाच माणसाचा चेहरा कसं? सगळी ओळख पुसून परत करायला लावली. तीन दिवसांनी तोच गट आला, तेच सात.

सुनीतानं ते सात फोटो दोनदा पाहिले. म्हणाली, "या साती कार्यक्रमाले बाबा नव्हते."

नव्हतेच. मीच येऊ दिलं नव्हतं. वास्तुशांतीला म्हणालो होतो, कॉलेजातले लोक येणार आहेत, तुम्ही दुसऱ्या दिवशी निवांत या. वाढदिवसाला तर कळवलंही नाही. मग मी शोधलं... नव्या डब्यावर बाबांचा एकही फोटो नव्हता. लग्नाच्या अल्बममध्ये आहेत, पण तो कागदी. एकेचाळीस हजारांत वडील एकदाही नाहीत. एवढे चेकसम जुळवणाऱ्या माणसाला हे कधी दिसलं नव्हतं.

रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन सुलतानपूरला गेलो. बाबा ओट्यावर पंपाचा नोझल साफ करत बसले होते. आता सत्तरीला आलेत, तरी कोणी बोलावलं की जातात. मी काही न सांगता पदवीचा फोटो पुढं धरला, चौकट न दाखवता.

"चष्मा आन वं," ते आत आईला म्हणाले. चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी बोट उचललं आणि बरोबर त्या चौकटीच्या जागी ठेवलं.

"इथं होतो मी. लिंबाखाली."

"तुम्ही कव्हा आलते अकोल्याले?"

"त्याच दिवशी. सकाळच्या एस्टीनं. तुह्या मायनं भाकर देल्ती बांधून."

"ठेचा बी देल्ता," आई आतून म्हणाली.

"मंग फोटोत काऊन नाही?"

"फोटोवाल्यानं डोळ्याले मशीन लावली, का मी झाडामागं सरको. तूच म्हनला होता न, मधात येऊ नका म्हनून."

मी पुढचे दाखवत गेलो. प्रत्येक फोटोत त्यांचं बोट चौकटीच्या जागीच गेलं. चौकट काय असते हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं. जारांच्या फोटोपाशी हसले. "हॉलचं गावातल्या एकानं सांगतलं होतं. इथं एकानं मले हॉलवालाच समजलं. म्हने, जार संपला, दुसरा लावा. लावला. मंग पोरीनं केक कापला, तो पाह्यला अन् निंगालो."

"बाबा, आत यायचं होतं..."

"तू बलावलं नव्हतं न बे," ते म्हणाले. रागानं नाही. नोझलमध्ये काय अडकलंय हे सांगावं, तसं.

मी लॅपटॉप बंद केला आणि पिशवीतून कॅमेरा काढला. म्हणालो, "बसा असेच. फोटो काढतो."

"थांब, आंघोळ करून येतो. वास येऊन राह्यला."

"फोटोत वास नाही येत, बाबा."

"मंग तवा..." ते म्हणाले, आणि थांबले. पुढचं मी आजपर्यंत त्यांना विचारलेलं नाही.

फोटो काढला. मळक्या बनियनवर, मांडीवर नोझल. आईला शेजारी बसवून आणखी एक काढणार होतो, तर ती म्हणाली, "मी नाही, माहे केस पाहाय." घरी येऊन बाबांचा तो एक फोटो डब्यावर टाकला. कोणाचा आहे हे मी डब्याला सांगितलं नाही. तासाभरानं पाहिलं तर त्या बिननावाच्या गटात फोटो आठ झाले होते. आठव्यात चेहरा होता.

बुंध्यावरून, भिंतीवरून, जिथून माणूस नुकताच सरकलाय त्या जागेवरून कुठलंही सॉफ्टवेअर चेहरा काढू शकत नाही. वर्गात पोरांनी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. दोन कॉम्प्युटरवाल्या मित्रांना दाखवलं, त्यांच्याकडेही उत्तर नाही. कोणाकडे असेल तर जरूर सांगा. फक्त ओळखण्यात चूक झाली एवढंच सांगू नका. बोट बाबांनी ठेवलं होतं, डब्यानं नाही.

या दिवाळीला बाबा आमच्याकडे होते, कॉलेजातले लोक आले तेव्हाही. आता जुना डबा बंद केलाय. नव्यावर सगळे फोटो सुखरूप आहेत, एकही गहाळ नाही. त्या गटाला मी नाव दिलं आहे: श्रावण किसन, माझे वडील, फवारणीचं काम करतात.