रहीमभाईचे पुढचे दोन दात

"डाक्टरसाब, चीरा मारो, सुई मारो, जो करना है करो. पर दात मत निकालो."

रहीमभाईचा डावा डोळा सुजून जवळजवळ मिटला होता. वरचा ओठ फुगून नाकाला लागला होता. आणि नंदुरबारच्या माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर कोरीटहून गाडी जुंपून आलेली माणसं दाटीवाटीने उभी होती. दात काढायचा नाही, हे त्यांचंही म्हणणं होतं.

रहीमभाई लग्नात वाजवणाऱ्या एका बँडचा मुख्य. तो क्लॅरिओनेट वाजवायचा. ही वर्षं एकोणीसशे तीसनंतरची. गावात तेव्हा असे आणखी बँड होते, त्यांचे कपडे झकपक होते, पितळ चमकत होतं. रहीमभाईच्या लोकांचे कोट उसवलेले. मी त्याचं वाजवणं दोन-तीन वरातींत ऐकलं होतं. मी पुण्याकडे वाढलेला, नाटकांतली गाणी ऐकत. मला ते वाजवणं सामान्य वाटलं होतं. वरचा सूर लागताना घसरायचा. तरीही रहीमभाई मोकळा नाही म्हणून लोक ठरलेला मुहूर्त सोडून पुढचा धरत. मला याचा उलगडा होत नसे.

दात मात्र माझ्या अखत्यारीतले होते. वरचे मधले दोन. एकाच्या मुळाशी पू झालेला, शेजारचा हलत असलेला. चार दिवसांपूर्वी हिरडीला चीर देऊन मी पू काढला होता आणि घरी पडून राहायला सांगितलं होतं. तो पडून राहिला नाही. लोणखेड्याच्या एका लग्नात दिवसभर वाजवून आला. क्लॅरिओनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते, तिला रीड म्हणतात. ती खालच्या ओठावर ठेवतात आणि वरून पुढचे दात घट्ट टेकवून फुंकतात. म्हणजे सगळा दाब नेमका त्या दोन दातांवर.

"इनपेच तो बाजा टिकता है," तो म्हणाला.

"आणि या सुजेवर तुमचा जीव टिकत नाही," मी म्हणालो.

मी घाबरवत नव्हतो. नाक आणि वरचा ओठ यांच्या आसपासचा पू वाईट. तिथल्या शिरा डोळ्यामागून मेंदूकडे जातात. एकदा पू त्या वाटेला लागला की डॉक्टरच्या हातात काही उरत नाही. पेनिसिलिन तेव्हा यायचं होतं. धुळ्याला सिव्हिल सर्जनकडे पाठवावं, तर त्या रस्त्यावर मोटारीचे हिसके आणि वैशाखातली दुपार. मी ताप पाहिला, चढलेला होता. खोलीत एक फेरी मारली. पुन्हा पाहिला. इतक्यात वाढणार नव्हता, हे मला कळत होतं, पण हात स्वस्थ बसत नव्हते.

ओट्यावरून एक उंच शेतकरी आत आला. कोरीटचे दगाजी पाटील. मी त्यांना चेहऱ्याने ओळखत होतो.

"डाक्टर, दात काढू नका. आठ दिनमा मन्ही पोरनं लगीन शे."

"दुसरा बँड लावा."

"दुसरा बँड काय कामना?"

माझा तोल गेला. "पाटील, तुम्हाला बाजा पाहिजे की माणूस?"

ते चिडतील असं मला वाटलं. ते खाली फरशीवरच बसले. मग बोलू लागले.

रहीमभाईची एक रीत होती. ती मला तोवर कुणी सांगितली नव्हती, कारण गावात सगळ्यांना ठाऊकच होती. लग्नाच्या आदल्या दिवशी तो नवरीच्या घरी जायचा, मागच्या दाराशी बसायचा आणि नवरीच्या आईला सांगायचा, बाई, दळताना तुम्ही जे म्हणता ते म्हणा. प्रत्येक घरातल्या बाईची जात्यावर बसली की आपली एक चाल असते. तो ती ऐकायचा. दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या वेळी, बाकीचे वाजवणारे जेवायला पळालेले असताना, नवरीच्या गाडीपुढे उभा राहून तो तीच चाल वाजवायचा. त्या घरची, त्या आईची.

"मोठीना लगीनमा त्यानी वाजाडं," दगाजी म्हणाले. "तवय तिन्ही माय जित्ती व्हती. धाकली बारीक व्हती. मंग माय गई. ते गानं आते रहीमभाईलेच येस. आम्हना घरमा कोनलेच येत नही."

धाकटीला आईचा आवाज आठवत नव्हता. तिच्या लग्नात तेवढं एक वाजावं, एवढ्यासाठी हा माणूस माझ्या दारात उभा होता. बाहेरच्या प्रत्येकाकडे असंच काहीतरी असणार, हे माझ्या लक्षात आलं. कुणाची बहीण, कुणाची मुलगी.

मी रहीमभाईकडे वळलो. "चाल लक्षात आहे ना? मग गाऊन दाखवा म्हणजे झालं."

त्याने मान हलवली. "गाने से नहीं आती, साब. उंगली को याद है. फूंक मारूं तब निकलती है."

एवढं बोलून तो कुडकुडायला लागला. वैशाखात. दात वाजत होते, तेच दोन दातही. ही थंडी मी ओळखत होतो. रक्तात विष उतरायला लागलं की अशी थंडी वाजते. मी कंपाउंडरला पाणी उकळायला सांगितलं आणि दगाजींकडे पाहिलं. खरं तर त्यांची परवानगी लागण्याचं कारण नव्हतं. पण रहीमभाईही त्यांच्याकडेच बघत होता.

दगाजी उठले. त्यांनी रहीमभाईचा मिटलेला डोळा जवळून पाहिला.

"काढा, डाक्टर," ते म्हणाले. "लगीन मांगे सरी. मानूस गया ते काय करसूत? मी धरस त्यानं डोकं."

सुजेत भुलीचं इंजेक्शन नीट लागत नाही. निम्मं लागलं. दगाजींनी मागून दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरलं. पहिला दात सहज आला आणि त्याच्यामागे पू. दुसऱ्याने वेळ घेतला. रहीमभाई ओरडला नाही, त्याने माझ्या टेबलाची कड धरून ठेवली होती. ओट्यावर दुखवट्याला बसावं तशी माणसं बसली होती.

संध्याकाळपर्यंत मी आत-बाहेर करत राहिलो. ताप उतरेना. दिवेलागणीला घाम फुटला आणि उतरू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी डावा डोळा किलकिला उघडला, तेव्हा मी पहिल्यांदा खुर्चीत नीट बसलो.

दगाजी तोवर मुलाकडच्यांकडे गेले होते. व्याही भडकले. बाजेवाल्याचा दात दुखला म्हणून लग्न पुढे ढकलतात का, असं म्हणाले. दगाजींनी काय उत्तर दिलं ते मला कळलं नाही. हंगामातला शेवटचा मुहूर्त ठरला.

पुढे काय होणार ते मलाही माहीत नव्हतं. जखम भरल्यावर रहीमभाई वरचा ओठ हिरडीवर दुमडून फुंकायला शिकू लागला. त्याच्या गल्लीतून जाताना नुसता फुसफुस आवाज येई. एकदा मी आत गेलो तर दगाजी बसलेले. रहीमभाई दोन-चार सूर काढी आणि थांबे.

"हाई नही," दगाजी म्हणत.

तो पुन्हा सुरू करी.

"हाई बी नही."

मी त्याला विचारलं, ही जात्यावरच्या चालींची कल्पना सुचली कशी? तो बोळक्या तोंडाने हसला. "नाटक के गाने सब बजाते. अपने को बराबर आतेच नहीं थे. क्या करता?"

लग्नाला मी कोरीटला गेलो. मला बोलावणं होतं, आणि न जाता राहवलंही नसतं. वरात, अक्षता, सगळं झालं. दुसरीकडून वाजवायला आणलेले दोघे जेवायला गेले. नवरी गाडीत बसली. रहीमभाई पुढे आला, ओठ दुमडला आणि फुंकर मारली.

नुसती हवा. पुन्हा हवा. मग एक बारीक सूर, चिरका. मी खाली मान घातली. पण तो पुढे वाजवत राहिला. चालीच्या तिसऱ्या की चौथ्या वळणाला थोरली बहीण गाडीच्या चाकाला धरून एकदम खाली बसली. दगाजींनी तोंड फिरवलं. आणि बायकांच्या घोळक्यातून एका म्हातारीने, नवरीच्या आत्याने, त्या सुरावर शब्द उचलले. चाल कानावर पडताच तिला शब्द आठवले होते. मग दुसरीने. नवरी रडायची थांबली आणि कान देऊन ऐकू लागली.

त्यानंतर रहीमभाई बरीच वर्षं वाजवत होता. हवा शेवटपर्यंत गळायची. त्याच्यासाठी मुहूर्त पुढे ढकलणारे मात्र कमी झाले नाहीत.

मी एवढंच शिकलो की पुढचा दात काढण्याआधी रोग्याला त्याचा धंदा विचारावा. उत्तर काहीही आलं तरी दात काढावाच लागतो. पण ओट्यावर कोण उभं आहे आणि कशासाठी, ते आधी कळतं.