काढलेलं नाव

उत्तरेश्वर आमच्या शेजारी राहतो. येडशीला रेल्वेच्या फाटकावर गेटमन आहे. ड्यूटी नसली की मागच्या पडवीत बसून तो जुनी प्लेस्टेशन दुरुस्त करतो. टीव्हीला जोडून खेळायची ती काळी पेटी. आता नवीन मिळतही नाही म्हणे. भिंगावर धूळ बसून सीडी चालेनाशी झालेली पेटी तो उघडतो, भिंग पुसतो किंवा बदलतो, आणि मागच्या बाजूला हार्डडिस्क बसवून सीडीशिवाय गेम चालतील अशी सोय करतो. लातूर-बार्शीचे जुन्या वस्तू विकणारे त्याच्याकडे अशा पेट्या आणून टाकतात. त्यांवर आधीच्या मालकांची नावं कोरलेली असतात, स्टिकर असतात. 'नाव काढून द्या,' एवढंच ते सांगतात. उत्तरेश्वर पॉलिश पेपरनं वरचं झाकण घासतो, काळा रंग मारतो, आणि पेटी कुणाचीच राहत नाही.

दिवाळीनंतर अयोध्याबाई लोहाऱ्याहून आल्या. धाराशिवला एसटी बदलून, टॉवेलात गुंडाळलेलं प्लेस्टेशन मांडीवर घेऊन. मी त्या वेळी पडवीतच शेंगा सोलत बसले होते. त्यांचे यजमान बब्रुवान लोहाऱ्यात भांड्यांच्या दुकानात नावं टाकायचं काम करायचे. लग्नाच्या ताटावाट्यांवर 'यांजकडून सप्रेम भेट' असं मशीनच्या पेननं ठिपक्याठिपक्यांनी लिहायचं. चार वर्षांपूर्वी ते गेले. मुलगा इंद्रजित चाकणला कंपनीत आहे. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला शेतात जेवायच्या सणाला, तो घरी येणार होता, आणि लहानपणचा खेळ चालू करून ठेव म्हणाला होता.

प्लेस्टेशनच्या झाकणावर त्याच ठिपक्यांच्या अक्षरात एक ओळ होती : 'चि. इंद्रजित यास बाबांकडून सप्रेम भेट.' ठिपक्यांत काजळी आणि तेलकटपणा बसून ती निम्मी बुजली होती. अयोध्याबाईंनी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, मशीन तर करालच. पण हे नाव तेवढं नीट काढून द्या."

उत्तरेश्वर हो म्हणाला.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, घरातलं मराठी मला लग्नानंतर आलं. 'काढणे' हा शब्द मला अजूनही जपूनच वापरावा लागतो. रांगोळी काढतात ती उमटते. डाग काढतात तो जातो. पण त्या दिवशी माझ्याही कानाला काही खटकलं नाही. बाई काय म्हणाल्या ते आम्हा दोघांनाही नीट कळलंय असंच वाटलं.

आठवड्याभरात त्यानं पेटी चालू केली, हार्डडिस्क बसवली, आणि झाकण घासून रंगवून टाकलं. संध्याकाळी अयोध्याबाईंचा फोन आला. मशीन झालं का विचारून त्यांनी विचारलं, "आन् नाव निघालं का?"

"निघालं की."

"आता वाचता येतंय?"

 गाडीची वेळ झालीय, फाटक लावायचंय असं सांगून उत्तरेश्वरनं फोन ठेवला. फाटकावर त्या वेळी दुसराच माणूस होता. हा घरीच, मोरीच्या उंबऱ्यावर बसलेला.

हे सगळं त्याच्या बायकोनं, महादेवीनं, मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती सांगत होती तोवर तो आतून बाहेर आला आणि माझ्यासमोर बसला. म्हणाला, चूक शब्दाची असती तर एवढं वाटलं नसतं. झाकणावर पेपर ठेवायच्या आधी त्यानं ती ओळ वाचली होती. बापानं पोराला दिलेलं, हे पुसून कशाला मागतील, असं मनात आलंही होतं. एक फोन करून विचारू म्हणाला, पण दुसऱ्या दोन पेट्यांसाठी रंग कालवून तयार होता. वाळून जाईल म्हणून त्यानं विचारलं नाही.

"रंगासाठी, काकू," तो म्हणाला.

त्यानंतर त्याचं जे सुरू झालं ते पाहून महादेवी आधी हसली. तिचं माहेर लोहाऱ्याचं. तिच्या लग्नात आलेल्या भांड्यांवरची नावं बब्रुवानांनीच टाकलेली. उत्तरेश्वरनं मांडणीवरून एकेक ताट खाली घेतलं आणि त्यातली अक्षरं पातळ कागदावर गिरवायला बसला. इंदुबाईंच्या परातीवरून 'इं', चंद्रकला आत्यांच्या तांब्यावरून 'द्र', जिजाबाईंच्या डब्यावरून 'जि'. 'सप्रेम भेट' तर प्रत्येकच भांड्यावर होतं.

"जलमात कधी ताटली घासली न्हाय," महादेवी म्हणाली, "आता वाचत बसलाय. स्वयंपाक कशात करू, तुमच्या टोपीत?"

त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. धाराशिवच्या एका ओळखीच्या दुकानातून नावं टाकायचं मशीन मागून आणलं. मोडीत निघालेल्या पेट्यांची झाकणं घेऊन सराव केला. प्लॅस्टिकवर पेन जरा जास्त टेकलं की ठिपका वितळून मोठा व्हायचा. शेवटी एका झाकणावर ओळ जमली. पेटीला हेच झाकण बसवायचं ठरवून त्यानं ती ओळ मला आणून दाखवली. चांगली होती. फार चांगली होती, आणि तेच मला बरं वाटलं नाही. मी फक्त विचारलं, त्यांना सांगणार आहेस ना? तो म्हणाला, सांगून त्यांना काय मिळणार? त्यांना नाव पाहिजे, ते मिळतंय.

मी झाकण त्याच्या हातात परत दिलं.

येळवशीच्या चार दिवस आधी अयोध्याबाई न्यायला आल्या. उत्तरेश्वरनं पेटी टीव्हीला लावून दाखवली. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी पेटी मांडीवर घेतली, पदरानं झाकण पुसलं, आणि अक्षरांवरून बोट फिरवलं.

"त्यांचा त असाच असायचा," त्या म्हणाल्या. "शेपूट वढलेला. म्या हसायची त्याला."

उत्तरेश्वर उभा होता तो खाली बसला. तो 'त' महादेवीच्या तात्यांनी दिलेल्या हंड्यावरचा होता.

"ताई, हे त्यांचं न्हाय. म्या टाकलंय. त्यांचं होतं ते म्या घासून काढलं."

बाईंना आधी कळलंच नाही. त्यानं माळ्यावर ठेवलेलं मूळ झाकण काढून आणलं. काळं, गुळगुळीत, कोरं. मग सगळं सांगितलं. मांडणीवरच्या भांड्यांचंही सांगितलं. महादेवी दाराशी उभी होती; तिनं डोळे पुसले.

अयोध्याबाईंनी ते कोरं झाकण हातात घेतलं.

"म्हंजी, म्याच काढा म्हणाले," त्या म्हणाल्या.

"न्हाय ताई. मला शंका आली हुती. म्या विचारलं न्हाय."

"पर तोंडानं तर म्याच म्हणाले ना. उजळून द्या म्हणायचं सोडून."

तो पुन्हापुन्हा सांगत राहिला की चूक त्याची आहे. बाई ऐकत होत्या, रागावल्या नाहीत, पण एकही वाक्य त्यांच्या आत गेलं असं दिसलं नाही. शेवटी त्यांनी नव्या झाकणावर हात ठेवला.

"हे काढा. मला ते कोरं बसवून द्या. त्याच्यावर त्यांचा हात फिरलाय."

या खेपेला उत्तरेश्वरनं दोनदा विचारलं, काढा म्हणजे काढून टाकू ना? बाईंनी मान हलवली. त्यानं स्क्रू सोडले, कोरं झाकण बसवलं. महादेवीनं जेवून जा म्हटलं तर एसटी चुकेल म्हणाल्या. निघताना त्यांनी मला नमस्कार केला आणि टॉवेल पेटीभोवती घट्ट गुंडाळला.

येळवस झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरेश्वर आमच्याकडे आला. इंद्रजितचा फोन आला होता. मशीन झकास चालतंय, शेतातून आल्यावर रात्रभर खेळलो, असं सांगून त्यानं आभार मानले. मग म्हणाला, "वरचं नाव तेवढं गेलं बघा. आईनं तुमच्याकडं द्यायच्या आधी काथ्यानं घासलं म्हणं, भांड्यासारखं. तिला कळत न्हाय हो काही. म्या लई बोललो तिला काल."

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"काहीच न्हाय, काकू." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "खरं सांगावं तर आई पोरापुढं खोटी पडती. न सांगावं तर ती माझ्यापायी बोलणी खाती. तुम्ही शिकलेल्या हायत, तुम्ही सांगा काय करू."

मी त्याच्यापुढे चहा ठेवला.  त्यानं चहाला हात लावला नाही. सव्वादहाच्या गाडीसाठी फाटक लावायचं होतं, आणि त्या दिवशी ते खरंच होतं, म्हणून तो उठून गेला.