दोन नंबरची पायरी

रेफरीनं आम्हा दोघींची मनगटं धरली होती. माइकवरून "लाल कोपरा" असं आलं आणि तिचा हात वर गेला. मी निळ्या कोपऱ्यातली. क्षणभर वाटलं, माइकवाला चुकलाय, आत्ता सुधारेल.

कुणी सुधारलं नाही.

जिल्हा अजिंक्यपदाची फायनल होती, धाराशिवच्या हॉलमध्ये. मी नळदुर्गची. हायवेला अब्बांचं ट्रकच्या सीटा शिवायचं दुकान. उरलेल्या रेक्झिनची लांबडी पिशवी शिवून, तीत चिंध्या ठासून त्यांनी ती दुकानामागच्या लिंबाला टांगली होती. तिच्यावर ठोसे मारत मी बॉक्सिंग शिकले. शिकवायचे आमच्या शाळेतले खेळाचे सर. समोरची मुलगी बेंबळीची, शेतकऱ्याच्या घरची. पण ती सरावाला धाराशिवच्या एका केंद्रात जायची आणि स्पर्धा त्याच केंद्रानं भरवली होती.

पहिली फेरी तिची झाली. हे मी तेव्हाही मानलं, आजही मानते. तिचे हात लांब, मला जवळच येऊ देईना. दुसऱ्या फेरीत मी वाकून आत शिरले आणि माझा उजवा ठोसा तिच्या हनुवटीवर बसला. तिचे गुडघे लटपटले. रेफरीनं मला लांब उभं केलं आणि तिच्यासमोर आठपर्यंत आकडे मोजले. तिसऱ्या फेरीत ती मला मिठ्याच मारत होती, त्याबद्दल तिला ताकीदही मिळाली. शेवटची घंटा झाली तेव्हा तिच्या केंद्राच्या मुली गप्प बसल्या होत्या. आणि तरी तीनपैकी दोन पंचांनी तिला जिंकवलं.

सर तावातावानं पंचांच्या टेबलाशी गेले. "साहेब, तिच्यावर आकडे मोजलेत की! मग कसं काय?"

"पंचांचा निर्णय अंतिम असतो, सर," टेबलावरचे गृहस्थ म्हणाले. "पोरीला समजवा."

मला कुणी समजवायची वाट मी पाहिली नाही. बक्षिसासाठी पुकारलं तेव्हा गेले आणि दोन नंबरच्या पायरीशेजारी, खाली फरशीवर उभी राहिले. पहिल्या पायरीवर ती आधीच चढली होती.

"वर चढ ना," पदकं द्यायला आलेले पाहुणे म्हणाले.

"न्हाय चढत."

"का गं?"

"मी दुसरी आले न्हाय."

कुणीतरी हसलं. फोटोवाला म्हणाला, "ताई, फ्रेममध्ये येत न्हाईत तुम्ही."

"मग फ्रेम मोठी करा. मी हितंच हाय."

पाहुणे पदक घेऊन वाकले, तर मी हात मागं बांधले. पदक त्यांच्याच हातात राहिलं. त्या फोटोत दोन नंबरची पायरी रिकामी आहे आणि वरची मुलगी खाली बघतेय.

अब्बा प्रेक्षकांत होते. चारचौघांत आवाज न चढवणारा माणूस. मला वाटलं, रागावतील. एसटीत बसल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "भूक लगी क्या?" मग तुळजापूरला उतरून मला पोटभर भजी खाऊ घातली.

काही दिवसांनी सर घरी आले. मी माफी लिहून दिली नाही तर पुढच्या वर्षी मला खेळू देणार नाहीत, असा जिल्हा संघटनेचा निरोप होता. "दोन ओळी लिही," सर म्हणाले. "त्यांचं काय जातंय? नुकसान तुझंच हाय."

माझ्या बॉक्सिंगवर सगळ्यात जास्त कुणी चिडायचं तर अम्मी. नाक मोडून घेशील, हे तिचं रोजचं. ती पिठाच्या हातानं बाहेर आली. "माफी काहे की? चोरी करी क्या इने?" मग सर समोर आहेत हे ध्यानात येऊन मराठीत म्हणाली, "सर, तुम्ही चहा घ्या. माफी नक्को."

मी माफी लिहिली नाही. पुढच्या वर्षी माझं नाव यादीत नव्हतं. सराव मात्र सोडला नाही. बाया विचारायच्या, आता कशापायी? मी म्हणायची, हात तर माझेच हायत ना!

एका रविवारी ती बेंबळीची मुलगी पाठीला बॅग अडकवून, सीटवाल्याचं दुकान विचारत आमच्या दारात आली. पाणीही न पिता म्हणाली, "त्या दिवशी मी हरले होते. हात वर गेला तवा लाज वाटली मला."

"मग तवाच का न्हाय बोललीस?"

"भ्याले." थोडं थांबून म्हणाली, "ग्लोव्हज आणलेत. खेळायचं?"

मी सरांना बोलावून घेतलं. लिंबाखाली चुन्यानं चौकोन आखला. सर घड्याळ धरून उभे राहिले. पंच कुणी नव्हते. हायवेला थांबलेले ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन गोळा झाले.

तिनं मला झोडपलं. वर्षभर मोठ्या स्पर्धा खेळून ती खूप पुढं गेली होती. मी आत शिरायला वाकले की तिचा डावा ठोसा आधीच तिथं हजर. माझा ओठ फुटला. तिसरी फेरी संपल्यावर एका ड्रायव्हरनं ओरडून विचारलं, "कौन जीता?"

"ही जीती," मी तिच्याकडं बोट केलं.

ओठावर फडकं दाबून मी बसले होते. ती शेजारी येऊन टेकली. "मग आता फिटलं आपलं?"

"न्हाय," मी म्हटलं. "आज तू जिंकलीस. त्या दिवशी मी. एकानं दुसरं पुसत न्हाय."

तिनं होकाराची मान हलवली. अम्मीनं तिला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मी पुन्हा खेळले नाही. आता संध्याकाळी गावातल्या मुली माझ्याकडं शिकायला येतात. परवा एकीच्या आईनं मुलीला पाठवण्याआधी चौकशी केली, "तुम्हाला पदकं किती मिळाली?"

"एकही न्हाय," मी म्हटलं. "पण जिल्ह्याची फायनल मी जिंकलीय."