बाहेरची साक्ष

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्या नाही, आणि प्रार्थनेत देवाच्याही नाही — तिथं तर मी भलत्याच, बारक्यासारक्या पापांची उजळणी करतो. तुम्हाला का सांगतोय, ते मलाच धड ठाऊक नाही.

मी धारच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक. गावात माझं नाव चांगलं आहे. हिंदू, मुसलमान, सगळे थांबून रामराम-सलाम करतात. हे चांगलं नाव आलं कुठून — तेच सांगायचं आहे.

आमच्या मंडळीत एक रीत होती. कुणाला पाळक नेमायचं तर आपल्याच माणसांनी बरं म्हणून भागत नसे, बाहेरच्यांनीही म्हणावं लागे. घरचे झाकून घेतात, शेजारी कशाला झाकतील? म्हणून आधी कुणीतरी बाजारात जाऊन विचारून यायचं. त्या वेळी नाव होतं दावीदरावांचं. आमचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झालेला, जेवलोही कितीदा एका ताटात. त्यांच्यामागून पाळी माझी होती, आणि विचारायला धाडलं तेही मलाच. मिशनच्या साहेबांना हे खटकलं कसं नाही? की माझ्यावर तेवढा भरवसा होता?

शाळेचे शास्त्रीबुवा म्हणाले, "बाटला खरा, पण माणूस सोन्यासारखा." मग मी गेंदाबाई तेलिणीकडे गेलो. प्लेगात तिचा नवरा गेला तेव्हा तिचे जातभाईसुद्धा गावाबाहेर झोपड्यांत पळाले होते. प्रेत उचललं दावीदरावांनी. मी? मी देवासला मेव्हण्याकडे दडून बसलो होतो. घाण्याशेजारी बसून ती म्हणाली, "वो रोज घर आता था, दवा-पानी लेके. म्हारो भई हे वो. हर साल राखी बाँधती हूँ."

मी मंडळीपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "एका विधवेच्या घरी यांचं रोज जाणं-येणं होतं. तिनंच सांगितलं."

बस्स, एवढंच. एक शब्द खोटा नव्हता — केवढी ती हुशारी. भाऊ म्हणाली, ते मी गिळून टाकलं. साहेबांनी मान खाली घातली. दावीदराव समोरच बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी इतकंच विचारलं, "ती असं म्हणाली?" मी म्हणालो, "जाऊ द्या आता." 'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागला असता?

त्यानंतर ते बाजारात फिरकले नाहीत. आपल्यापायी त्या बाईचं नाव खराब नको, म्हणून तिच्या दारावरून जाणंही त्यांनी सोडलं. पाळक मी झालो. ते गंधवानीकडे भिल्लांच्या पाड्यांवर निघून गेले आणि दोन पावसाळ्यांत तापानं तिथंच वारले. सारं गाव आपल्याला नावं ठेवतं, असं समजून वारले. आणि इथं बाजारात जो तो मला विचारी, दावीदराव परत कधी येणार?

गेंदाबाई दर राखीला आमच्या फाटकाशी येते. "म्हारो भई कब आएगा?" मी सांगतो, "काम में है, बाई." मेला म्हटलं, तर ती विचारील ना — मग जिता असताना एकदाही का आला नाही? तिला काय उत्तर देऊ? म्हणून इतकी वर्षं मी त्यांना जिवंत ठेवलं आहे.

यंदा ती आली तेव्हा काठी टेकत आली. पदराच्या गाठीतून राखी काढून म्हणाली, "वो नहीं, तो तू हाथ ला, पादरीबाबा. तू भी भला आदमी है, सारा बाजार बोलता है."

मी हात पुढे केला. तिनं दोन गाठी मारल्या. राखी अजून मनगटावर आहे; रविवारी उपदेशाला उभा राहताना तेवढी बाही खाली ओढून घेतो.