रस्त्याकडची पानं

नव्वदच्या दशकात मी नाशिकजवळच्या एका दगडखाणीच्या ऑफिसात कामाला होतो. खाणीच्या रस्त्यालगत कंपनीनं करंजाची झाडं लावली होती, पण खडी फोडणाऱ्या क्रशरच्या धुळीनं ती कायम पांढरीफटक. धुळीवर पाणी मारायचं म्हटलं की साहेबांना टँकर परवडत नसे. तपासणीचे पाहुणे यायचे असले, की मात्र एका म्हातारीला बादली आणि फडकं देऊन पानं पुसायला लावायचे! बाळाचं तोंड पुसावं तसं ती एकेक पान हातात धरून पुसायची. तेही फक्त रस्त्याकडचं.

"मावशी, मागची राहिली की," मी एकदा म्हणालो.

"मागं कोन बघतंय? सायब लोक गाडीतून उतरत नाय," ती खोकत म्हणाली.

तेवढ्यात गाड्या आल्या. मुकादम खेकसला, "ए म्हातारे, झाडामागं हो!"

ती मुकाट्यानं धुळीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पदर तोंडावर दाबून खोकला आवरत राहिली. गाडीची काच खालीसुद्धा झाली नाही.

मला मुकादमाचा संताप आला, साहेबांचा आला. पण संध्याकाळी अहवालात 'हरित पट्टा उत्तम, कामगारांचे आरोग्य समाधानकारक' हे टाइप केलं ते मीच.